सर्व्हर म्हणतो नऊ

सर्व्हरला विचारायचं, बाबा रे, तुझ्या आत कुठलं कर्नल चालू आहे? तो सांगतो. ते ऐकून घ्यायचं आणि त्यावर विश्वास ठेवायचा नाही. माझी नोकरी एवढीच आहे. सरकारी भाषेत मला कर्नल-तपासनीस म्हणतात. वर्षानुवर्षं हे काम केल्यामुळे माझा स्वभावही तसाच होऊन बसलाय. भाजीवाला म्हणाला मेथी आजची आहे, की माझा हात आधी जुडीच्या देठाकडे जातो.

कर्नल म्हणजे काय, हे लग्नकार्यात भेटलेलं कुणी ना कुणी हटकून विचारतंच. मी सांगते, यंत्र आणि त्याच्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्या मधे बसलेला कारभारी. कुणाला किती वेळ प्रोसेसर द्यायचा, कुणाला थांबवायचं, कुणासाठी दार उघडायचं, सगळं तो ठरवतो. हा कारभारी जुना असला, त्याच्यात भोक सापडलं, की त्यातून बाहेरचा माणूस आत शिरतो आणि मग यंत्र त्याचं. म्हणून जुनी कर्नलं बाद करायची असतात.

पूर्वी तपासणी म्हणजे सर्व्हर जे सांगेल ते लिहून घेणं. आणि सर्व्हरचं उत्तर बदलणं काही अवघड नाही, एक ओळ खोडली की सहा नंबरच्या जुन्या कर्नलचं नऊ नंबरचं नवं होतं. वीजकेंद्रांची भानगड झाली, अर्धं राज्य अंधारात बसलं, तेव्हा कागदोपत्री सगळीकडे नवंकोरं कर्नल होतं. मग कायदा आला आणि आमच्या हातात नाडी आली.

नाडी म्हणजे एक चिमटा. सर्व्हरला वीज नेणाऱ्या वायरीवर तो नुसता बसवायचा. कर्नल एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे वळतं, तेव्हा विजेचा प्रवाह अगदी बारीकसा हलतो. सेकंदात हजारो वेळा. प्रत्येक कर्नलची वेळ वाटून द्यायची तऱ्हा वेगळी, त्यामुळे हे हलणंही वेगळं. भाकरी थापल्याचा आवाज ऐकून शेजारणीला कळतं ना, आज चुलीपुढे थोरली आहे की धाकटी, तसंच. यात फसवता येत नाही, कारण फसवण्यासाठी सर्व्हर जे काही करील त्यालाही वेळ कर्नलच वाटून देणार.

त्या दिवशी माझ्या यादीत पहिल्यांदाच मिरजेचं पुनर्वसन केंद्र होतं. आपल्या माणसाच्या यंत्राची नाडी आपण बघायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे आणि आमच्या ह्यांचा आवाज त्याच केंद्रातल्या सर्व्हरवर चालतो. मी ऑफिसला सांगायला हवं होतं. पण फेब्रुवारीतच ऊन तापायला लागलेलं, पाय दुखत होते, म्हटलं नुसतं सही करण्याचं काम आहे, दुपारी विश्रामबागेत घरी जाऊन जेवता तरी येईल.

हे म्हणजे भरतेश मगदूम. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ज्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान, तिथं माइकवर मगदूम अण्णा. कोणत्या पैलवानाचा आजा कोणत्या तालमीतला, कुणी कुणाला कुठल्या डावावर पाडलं, सगळं तोंडपाठ. हलगी थांबली तर मैदान थांबणार नाही, पण अण्णा थांबले तर लोक उठून जातील, असं म्हणायचे. मग पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, मान हलायची, डावा हात हलायचा, शब्द मात्र एक नाही. घरात इतकी शांतता झाली की मी मिक्सर उगीच फिरवायची.

दीडेक वर्षानं केंद्रातल्या डॉक्टरांनी त्यांच्या कवटीखाली एक पट्टी बसवली. माणूस शब्द बोलायला घेतो तेव्हा मेंदूच्या एका भागात विजेच्या लहरी उठतात. पट्टी त्या टिपते, गळ्यातली डबी त्या मिरजेला पाठवते, तिथला सर्व्हर त्यातून शब्द ओळखतो आणि डबीतून आवाज येतो. आवाजही त्यांचाच, जुन्या मैदानांच्या रेकॉर्डिंगवरून बनवलेला. सुरुवातीला तोतरं यायचं. वर्षभर रोज सराव केला तेव्हा कुठे मेंदूला सर्व्हरचा ताल सापडला. मग परत मैदान सुरू झालं. व्हीलचेअरवर, पण पैलवानाची पाठ मातीला टेकायला आणि अण्णांचं ‘चितपट’ यायला एकच गाठ पडायची.

केंद्रातला सर्व्हर सांभाळतो तौसीफ मुजावर. चाळिशीचा, गोड बोलणारा, ह्यांच्या मैदानांना हौसेनं येणारा. मला वहिनी म्हणतो.

“वहिनी, चहा सांगू? का सरबत?”

“आधी नाडी लावते. मग सरबत.”

सर्व्हर म्हणाला नऊ. नाडी म्हणाली सहा.

मी चिमटा काढून परत लावला. वायर चुकली असेल म्हणून दुसरी धरली. नाडी सहाच म्हणत राहिली. मी वळून बघितलं तर तौसीफनं खोलीचं दार लावून घेतलं होतं आणि तो स्टुलावर बसला होता.

“नऊ घातलं होतं वहिनी. शप्पथ. दोन वर्षांमागं, रविवारचं. अण्णांना त्या दिवशी ताप होता, डबी काढून ठेवली होती, म्हणून तुम्हाला कळलं नाही. दुपारपर्यंत बाकीचे सगळे डबीवाले पेशंट केंद्रात परत आले. त्या कवठ्याच्या शाळेतल्या बाई आहेत ना, त्यांना पाणी म्हणायचं होतं. पा पा पा करत बसल्या आणि रडायलाच लागल्या. मला काय बघवलं नाही.”

“मग?”

“मग सहा परत घातलं. आणि कुणी विचारलं तर नऊ सांगायचं, असं शिकवलं त्याला.”

त्याचं म्हणणं मला कळत होतं, हीच तर पंचाईत. नवं कर्नल हळू नाही, उलट चपळ आहे. पण मेंदूनं वर्षभर शिकून ठेवलेलं असतं, शब्द कधी उचलायचा आणि तो कानावर कधी येणार. झोपाळ्याला झोका देणाऱ्याचा हात जसा आपोआप वेळेवर पुढे होतो, तसं. ताल बदलला की मेंदू रिकाम्या जागी हात घालतो. तौसीफनं नव्या कर्नलमध्ये मुद्दाम उशीर घालून जुन्याची नक्कल करून बघितली होती, पण जुन्याचा उशीर सारखा नव्हता. कामाच्या गर्दीप्रमाणे तो कमीजास्त व्हायचा, आणि मेंदूनं तेही पाठ केलं होतं.

“सहामधे भोक आहे, माहीत होतं ना तुला?”

“होतं. माझ्या परीनं बाहेरनं भिंत घातलीय.”

“आणि ती ओलांडून कुणी आलं असेल तर?”

“आलं असेल तर खूण ठेवून जातंय होय? तुम्हालाच जास्त माहिती.”

मला माहिती होती. गेल्याच वर्षी परराज्यातल्या एका केंद्रात बाहेरच्या कुणीतरी शिरून एका म्हाताऱ्याच्या डबीतून त्याच्या वकिलाला भलतीच संमती दिली होती. पेशंट शेजारी बसून मान हलवत होता, नाही नाही म्हणून, आणि वकील डबीचं ऐकत होता.

“वहिनी, तुम्ही नऊ लिहा,” तौसीफ म्हणाला. “सर्व्हर म्हणतोच आहे नऊ. रविवारी अण्णांचं मैदान आहे. मी आयुष्यभर तुमचे पाय धरीन.”

“पाय धरू नकोस, आधीच दुखतायत,” मी म्हणाले.

नाडीवर बोट दाबलं असतं तर आकडा थेट ऑफिसला गेला असता, आणि एकदा गेला की दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत कर्नल बदलायला लागतं. मी बोट दाबलं नाही. संध्याकाळपर्यंत मुदत होती. नाडी पिशवीत टाकली, सरबत न पिता निघाले.

घरी आले तर हे पुढच्या खोलीत कॉटवर उशीला टेकून कुस्ती बघत होते.

“आलीस? एवढ्या लवकर?” डबी म्हणाली.

रोजचंच वाक्य. पण मी चप्पल काढता काढता थांबले. हे कुणी विचारलं?

आणि मग जे व्हायचं ते झालं. या नोकरीनं लावलेली खोड बाहेर रस्त्यावर राहायची ती उंबरठा ओलांडून आत आली. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळायला लागली, दिवाळीतली.

दिवाळीत मी चकल्या तळत होते. हे व्हीलचेअरवर स्वयंपाकघराच्या दारात. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं हजारो पैलवानांचं कौतुक केलं असेल, पण घरात माझ्या वाट्याला कधी एक बरा शब्द आला नाही. वाईट स्वभाव नाही, त्यांना ते सुचतच नसे. तर त्या दिवशी डबी म्हणाली, “पद्मा, किती करतेस गं. दमलीस की.” मी झारा हातात धरून तशीच उभी राहिले. तेलातल्या चकल्या जळून काळ्या झाल्या. ह्यांच्याकडे बघितलं तर ते खाली फरशीकडे बघत होते. मला वाटलं, लाजले. त्या एका वाक्यावर मी हे चार महिने काढले होते. पहाटे पाणी भरताना, त्यांना अंघोळ घालताना, ऑफिसातल्या साहेबाची बोलणी खाताना, ते वाक्य मी मनात म्हणून बघायची. आता तेच वाक्य त्यांचं होतं की नाही, हे मला माहीत नव्हतं.

कारण दिवाळीनंतर बोरगावच्या मैदानात एक प्रकार झाला होता. दोन्ही पैलवान उभे असतानाच ह्यांच्या डबीतून “चितपट!” असं आलं आणि एकाचं नाव पुकारलं गेलं. सगळं मैदान हसलं. कुणीतरी ओरडलं, अण्णा झोपलं काय? ह्यांनी लगेच त्याच माइकवर सांगितलं, “हे मी बोललो नाही. मी हे बोललो नाही.” कुणाला पटलं नाही. मलाही नाही. आजारी माणूस, दमला असेल, असं धरून चाललो आम्ही.

विचारायला अडचण काहीच नव्हती. डबी काढून ठेवायची आणि म्हणायचं, दिवाळीतलं ते तुम्हीच ना? मानेनं हो किंवा नाही. पण नाही आलं तर? मी विचारलं नाही. आत जाऊन भाकरी-आमटी वाढून आणली.

“तोंड का पडलंय?” डबी म्हणाली. “कुणी चितपट केलं तुला?”

“सर्व्हरनं,” मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. सहा, नऊ, तौसीफ, कवठ्याच्या बाई, भोक. दिवाळीचं तेवढं सोडून.

ते ऐकत राहिले. टीव्हीवर कुणीतरी कुणालातरी घिस्सा मारला, त्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

“म्हणजे बोरगावचं...”

“असेल.”

“मी म्हणत होतो.”

“म्हणत होतात.”

“कुणी ऐकलं नाही,” ते म्हणाले. डबीतला आवाज मैदानातलाच, भारदस्त. एवढ्याशा खोलीत तो फार मोठा वाटतो. मग त्यांनी विचारलं, “नऊ घातल्यावर परत येईल का बोलायला?”

“मेंदू नव्यानं शिकेल म्हणतात. वर्ष जाईल, जास्तही जाईल. आता पहिल्यासारखं वय नाही. काहींचं येणारही नाही.”

“रविवारचं मैदान गेलं.”

“गेलं. नऊ लिहिलं तर नाही जाणार. तौसीफ तेच म्हणतोय. लिहू नऊ?”

मला त्यांनी हो म्हणायला हवं होतं, खरंच हवं होतं. त्या शांत घरात परत राहायची ताकद माझ्यात नव्हती. एकदा राहून झालं होतं.

बराच वेळ ते डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडत राहिले. मग म्हणाले, “सहा लिही.”

“घाई करू नका. विचार करा.”

“केला की. माझ्या तोंडातनं दुसरा बोलणार असंल तर त्या तोंडाला माझं कशाला म्हणायचं? आणि मी एकटा हाय होय? त्या बाईच्या वर्गात पोरं असतात. त्यांच्यापुढं कुणी काय बोललं तर? दार लाव पद्मा.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आत शिरलेला माणूस दार लावा असं कधी म्हणणार नाही. त्याला काय पडलंय? दार लावून ज्याचं नुकसान होणार, तोच हे बोलू शकतो. त्या डबीतून आलेलं हे एक वाक्य तरी माझ्या नवऱ्याचं होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. सुटल्यासारखं वाटलं आणि पाठोपाठ रडू कोसळलं, कारण खात्रीचं वाक्य मिळालं ते नेमकं हे.

पिशवीतून नाडी काढली आणि बोट दाबलं. सहा.

तौसीफनं सगळ्या पेशंटांना फोन करून कळवलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी त्याचे आभार मानले म्हणे, दोन वर्षं दिलीस म्हणून. ह्यांनी रविवारच्या मैदानाच्या पंचांना फोन लावून सांगितलं की मला जमणार नाही, पलूसच्या अमक्याला बोलवा, डाव ओळखतो, फक्त ओरडतो जास्त. पुण्याच्या लेकीशी बोलले. शेवटची संध्याकाळ म्हणून माझ्याशी काहीतरी मोठं बोलतील असं मला वाटत होतं. जेवताना म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे. ते कुणाचं वाक्य, याबद्दलही मला शंका आली नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. तौसीफनं नऊ घातलं आणि सर्व्हर बंद करून चालू केला. मी चिमटा लावला. नियमाप्रमाणे आता माझ्या जागी दुसरा तपासनीस यायला हवा होता, पण त्याला यायला दोन दिवस लागले असते आणि मला आता कुणापासून काही लपवायचं नव्हतं. तसं मी अहवालात लिहिलं. नाडी म्हणाली नऊ. सर्व्हर म्हणाला नऊ.

हॉलमधून आवाज यायला लागले. तुकडे, अर्धे शब्द, एकच अक्षर परत परत. ह्यांनी माझ्याकडे बघून काही म्हणायचा प्रयत्न केला. डबीतून “प” आला, थांबला, मग नको तिथे दोनदा आला. ह्यांचे डोळे मोठे झाले. अजून एकदा प्रयत्न केला. मग डाव्या हातानं त्यांनी स्वतःच डबी गळ्यातून काढली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. तौसीफ भिंतीकडे तोंड करून उभा होता. रागवायला गेले, पण माझ्यात तेवढाही जोर नव्हता. उद्यापासून रोज एक तास सराव घे म्हटलं सगळ्यांचा, आणि आम्ही रिक्षा करून घरी आलो.

दुपारची उन्हं कॉटवर आली होती. पडदा ओढला, ह्यांना उशीला टेकवून बसवलं, पांघरूण पायावर घातलं. घरात आवाज नव्हता. मिक्सर फिरवावासा वाटला. आमच्या दोघांमधे आता कुठलंच यंत्र नव्हतं, आणि मी कॉटपाशी उभ्या उभ्याच विचारून टाकलं.

“एक विचारू? दिवाळीत, चकल्या तळताना, मला म्हणालात, किती करतेस, दमलीस. ते तुम्ही म्हणालात ना?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हो म्हणायला काय लागतं? मान एकदा खाली. मला कधीच कळलं नसतं.

त्यांनी मान आडवी हलवली. नाही.

कुठेतरी बसलेल्या कुणीतरी, दार उघडतंय का ते बघायला, एक वाक्य आत टाकलं होतं. त्याला माझं नावही घरातलं बोलणं ऐकूनच कळलं असेल. कोण होता, बाई होती की पोरगं, कशाला म्हटलं, देव जाणे. माझी चार महिन्यांची शिदोरी त्या परक्या माणसाची होती.

आणि मग माझ्या लक्षात आलं. बोरगावला भर मैदानात, हजारो लोकांपुढे, ह्यांनी लगेच सांगितलं होतं की हे मी बोललो नाही. दिवाळीतही डबीनं परकं वाक्य म्हटलेलं ह्यांनी ऐकलंच होतं. दारात बसून माझं तोंड बघितलं होतं. आणि गप्प राहिले होते.

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?” मी विचारलं. मानेनं देता येईल असं हे उत्तर नव्हतं.

मग त्यांनी डावा हात कॉटच्या कडेला रोवला आणि सगळं अंग, ते जड उजवं अंगसुद्धा, भिंतीकडे रेटायला लागले. मी धरायला पुढे झाले तर त्यांनी मान हलवली, धरू नको. दम लागला, थांबले, परत रेटलं. शेवटी कॉटवर कडेला माणूस टेकेल एवढी जागा झाली, आणि तिच्यावर त्यांनी हात थोपटला.

मी बसले.